भुलीची भीती: ती नेमकी कशाची आहे ते आधी ठरवा

"साध्या ऑपरेशनसाठी दाखल झालेला रुग्ण भुलीतून उठलाच नाही" अशी बातमी अधूनमधून छापून येते. तिच्यात रुग्णाचं वय असतं, नातेवाइकांचे आरोप असतात, रुग्णालयाबाहेर जमलेली गर्दी असते. नेमकं काय बिघडलं ते मात्र बहुधा नसतं. ते चौकशीनंतर कळतं, आणि तोवर बातमी शिळी झालेली असते. वाचणाऱ्याच्या मनात एवढंच राहतं, की भुलीचं काही सांगता येत नाही. मग स्वतःवर वेळ आली की माणूस म्हणतो, "ऑपरेशनचं काही नाही हो, त्या भुलीचीच धास्ती वाटते."

ही धास्ती खोटी नाही, आणि "काही होत नाही, घाबरू नका" म्हटल्याने ती जातही नाही. कारण या एका नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. कुणाला परत न उठण्याचं भय असतं, कुणाला मध्येच जाग येण्याचं, कुणाला तोंडावरच्या मास्कचं, कुणाला सुईचं, तर कुणाला शुद्ध हरपल्यावर आपला ताबा सुटण्याचं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. म्हणून पहिलं काम हे, की आपली भीती एका वाक्यात कागदावर लिहायची. "मला भुलीची भीती वाटते" असं नाही, तर "मास्क लावला की गुदमरेन असं वाटतं" इतकं नेमकं. तेच वाक्य पुढे भूलतज्ज्ञाला वाचून दाखवायचं.

खाली उदाहरण म्हणून दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन घेतलं आहे. ते बऱ्याच घरांत कुणाचं ना कुणाचं झालेलं असतं आणि त्याला बहुतेक वेळा पूर्ण भूलच द्यावी लागते.

पूर्ण भूल म्हणजे काय

पूर्ण भूल ही झोप नव्हे. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला की तो उठतो. भुलीत तीन गोष्टी वेगवेगळ्या औषधांनी साधायच्या असतात: शुद्ध घालवणं, वेदनेचे संदेश दाबणं आणि स्नायू सैल करणं. शुद्ध घालवायला बहुतेक ठिकाणी प्रोपोफॉल वापरतात. वेदनेसाठी फेंटानिलसारखं औषध, आणि स्नायूंसाठी अ‍ॅट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम किंवा रोक्युरोनियम. स्नायू सैल झाले की श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरने श्वास दिला जातो. व्हेंटिलेटर हा शब्द ऐकून नातेवाईक हादरतात, पण इथे तो प्रकृती गंभीर झाल्याचं लक्षण नसून ठरलेल्या कामाचाच भाग असतो.

शुद्ध घालवणाऱ्या प्रोपोफॉलच्या एका डोसाचा असर पाच-दहा मिनिटांत ओसरू लागतो. तासभराच्या ऑपरेशनसाठी सेवोफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेनची वाफ ऑक्सिजनबरोबर सतत द्यावी लागते. शेगडीचा नॉब उघडा असेपर्यंतच आच राहते, बंद केला की विझते, तसंच हे. "इंजेक्शनचा डोस जास्त झाला तर कायमचा झोपेन" या भीतीमागे अशी समजूत असते, की भूल एकदा टोचली की ती आपली आपण उतरेपर्यंत कुणाच्या हातात नाही. प्रत्यक्षात ती मिनिटामिनिटाला कमी-जास्त होते आणि ते करणारा माणूस तुमच्या उशाशी असतो. सर्जन पोटाकडे बघत असतो, भूलतज्ज्ञ तुमच्याकडे.

ओटीतली पहिली दहा मिनिटं

अनोळखी गोष्ट जास्त घाबरवते, म्हणून हा भाग जरा सावकाश सांगायला हवा.

ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, थंड असते. टेबल अरुंद असतं आणि पडू नये म्हणून पट्टा बांधतात. तोंडावर मास्क लावलेली दोन-तीन माणसं एकामागून एक तुमचं नाव, कुठलं ऑपरेशन, कशाची अ‍ॅलर्जी, असं विचारतात. "यांना माझं नावही माहीत नाही की काय?" असं वाटून पोटात गोळा येतो. पण २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी आणली, तिचाच हा भाग आहे. माहीत असूनही मुद्दाम तुमच्या तोंडून वदवून घेतात.

हातावर सलाईनची सुई आधीच लावलेली असते. सुई म्हणतात खरं, पण पोलादी सुई काढून घेतलेली असते आणि शिरेत फक्त मऊ प्लॅस्टिकची नळी राहते. हिरव्या रंगाची जाड, गुलाबी त्याहून बारीक, निळी आणखी बारीक. मग छातीवर ईसीजीच्या चिकटपट्ट्या, दंडावर रक्तदाबाचा पट्टा आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. या चिमट्याचं यंत्र प्रत्येक ठोक्याला टुकटुक वाजतं आणि ऑक्सिजन उतरू लागला की त्या आवाजाची पट्टीही उतरते. भूलतज्ज्ञाची पाठ यंत्राच्या पडद्याकडे असली तरी कान तिथेच असतात. खोलीत गप्पा चालू असतानाही आवाज जरासा खाली आला की त्याची मान वळते.

यानंतर साधारण तीन मिनिटं मास्कमधून नुसता ऑक्सिजन देतात. यात भूल नसते. फुप्फुसांत ऑक्सिजनचा साठा करून ठेवतात, म्हणजे पुढे नळी घालताना वेळ हाताशी राहतो. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी इथेच बोलायचं: "मास्क मला हातात धरू द्या." बहुतेक भूलतज्ज्ञ आनंदाने देतात.

फेंटानिल गेलं की डोकं हलकं होतं, किंचित गरगरतं. मग दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल. ते शिरेतून जाताना हात चुरचुरतो, कधी चांगलाच झोंबतो. काहीतरी बिघडलं असं समजू नका, हे औषध झोंबतंच. अर्ध्या-पाऊण मिनिटात पुढचं काही कळत नाही. डोळ्यांवर पट्टी, घशातली नळी, व्हेंटिलेटर हे सगळं त्यानंतर.

परत उठलोच नाही तर?

आकडा सांगायला हवा, कारण तो न सांगता दिलेला धीर पोकळ असतो. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांची संस्था रुग्णांना सांगते, की केवळ भुलीमुळे मृत्यू होण्याचं प्रमाण सुमारे एक लाखात एक आहे. हे ब्रिटनचं प्रमाण आहे. तिथली यंत्रं, तिथला कर्मचारीवर्ग आणि तिथली तपासणी त्यात धरलेली आहे. अपघातानंतर मध्यरात्री घाईने होणारं ऑपरेशन, हृदय-फुप्फुसाचा जुना आजार, खूप वय, यांत धोका वाढतो.

मग अनर्थ घडतात ते कशाने? कारणं ठरावीक आहेत: श्वासनलिकेत नळी न जाणं, पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाणं, औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी (ब्रिटनमधल्या २०१८ च्या मोठ्या पाहणीत जिवावर बेतण्याइतकी तीव्र अ‍ॅलर्जी दहा हजार भुलींमागे सुमारे एकदा आढळली, आणि त्यातले बहुतेक रुग्ण वाचले), आधीचा आजार लपलेला असणं, आणि देखरेख अपुरी असणं. यातल्या बऱ्याच गोष्टींना तुमच्या बाजूनेही अटकाव करता येतो. पोट रिकामं ठेवणं आणि आजार न लपवणं तर पूर्णपणे तुमच्याच हातात आहे.

देखरेखीबद्दल स्पष्ट विचारा. भूल कोण देणार, ते भूलशास्त्राचे पदवी किंवा पदविकाधारक डॉक्टर आहेत का, ऑपरेशन संपेपर्यंत खोलीतच थांबणार का, आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आहे का. नळी योग्य जागी गेली आहे की अन्ननलिकेत, हे सर्वांत खात्रीने तेच यंत्र सांगतं. मोठ्या रुग्णालयात हे प्रश्न अनावश्यक वाटतील. पण चरबी काढणं, केस बसवणं, लहान मुलांच्या दातांचं काम अशा गोष्टी छोट्या क्लिनिकमध्ये "थोडंसं गुंगीचं औषध देऊन" होतात, तिथे ते विचारलेच पाहिजेत. अशा ठिकाणी वेगळा भूलतज्ज्ञ नसेल, तर तिथे गुंगी घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

मध्येच जाग आली तर?

या भीतीला सिनेमांनी फार खतपाणी घातलं आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये यावर मोठी पाहणी झाली, तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. रुग्णांनी स्वतःहून तक्रार केल्याचं प्रमाण सुमारे १९ हजार भुलींमागे एक होतं. स्नायू सैल करणारं औषध दिलं असेल तर ते सुमारे आठ हजारांमागे एक, आणि दिलं नसेल तर एक लाख ३६ हजारांमागे एक. पूर्ण भुलीखालच्या सिझेरियनमध्ये ते बरंच जास्त, सुमारे ६७० मागे एक होतं. सिझेरियनला शक्यतो कमरेतली भूल देतात, त्यामागे हेही एक कारण आहे. ऑपरेशननंतर प्रत्येकाला नेमके प्रश्न विचारून घेतलेल्या अभ्यासांत हजारात एक-दोन असंही प्रमाण सापडतं, हेही सांगितलं पाहिजे.

पण जाग म्हणजे काय? त्या अहवालातले सुमारे दोन तृतीयांश अनुभव भूल चढताना किंवा उतरतानाचे होते आणि बहुतेक पाच मिनिटांच्या आतले होते. कुणाला आवाज ऐकू आले, कुणाला घशात काहीतरी असल्याचं जाणवलं. सर्वांत जास्त घाबरवलं ते हात-पाय हलत नसल्याच्या जाणिवेने. म्हणून हे आधीच माहीत असू द्या: भूल उतरताना क्षणभर शुद्ध येते पण हात उचलत नाही, डोळे उघडत नाहीत, असं होऊ शकतं. ते औषधाचं उरलेलं काम आहे, अर्धांगवायू नव्हे, आणि शेजारी माणूस आहे. नंतर असं काही आठवलं तर गप्प बसू नका. त्याच दिवशी भूलतज्ज्ञाला सांगा. काय झालं ते समजावून मिळालं की पुढचे वाईट परिणाम कमी होतात.

"आमच्या काकांना ऑपरेशनमध्ये सगळं ऐकू येत होतं" असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पूर्ण भूल दिलेलीच नसते. कमरेतली भूल किंवा नुसती गुंगी असते. त्यात ऐकू येणं अपेक्षितच आहे. म्हणून मला कुठली भूल मिळणार हे आधी विचारून घ्या.

पूर्ण भुलीत औषधाची वाफ उच्छ्वासात किती आहे हे यंत्रावर सतत दिसतं. काही ठिकाणी कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून ० ते १०० असा आकडाही काढतात, आणि तो ४० ते ६० दरम्यान ठेवतात. रोज दारू घेणाऱ्यांना किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्यांना औषध जास्त लागू शकतं. संकोच बाजूला ठेवून सांगा. बायकोसमोर सांगता येत नसेल तर तिला बाहेर थांबायला सांगा, पण किती घेता तो आकडा खरा सांगा.

आणि मनातलं गुपित बाहेर पडण्याचं म्हणाल, तर ऑपरेशनभर घशात नळी असते, बोलता येतच नाही. भूल चढता-उतरताना एखादा शब्द निसटतो. खोलीतल्या कुणाचं तिकडे लक्ष नसतं, आणि ऐकलेलं बाहेर न सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

भूलतज्ज्ञाला आधी भेटा

आपल्याकडे "फिजिशियनकडून फिटनेस आणा" म्हणतात आणि तो कागद मिळाला की झालं असं धरतात. फिजिशियन हृदय-फुप्फुस बघतो. भुलीपूर्वीची तपासणी, म्हणजे पीएसी, वेगळी असते आणि ती भूलतज्ज्ञच करतो. छोट्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात आणि पहिली भेट थेट ऑपरेशनच्या टेबलावर होते. घाबरणाऱ्या माणसासाठी हे फार वाईट. सर्जनला सांगून निदान आदल्या दिवशी भेट, नाहीतर फोन ठरवून घ्या.

ते तुम्हाला तोंड उघडायला लावतील. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात मावतात का हे घरीच बघा. गुटखा-सुपारीने गालाची आतली कातडी आवळलेली असेल तर तोंड दोन बोटंही उघडत नाही आणि नळी घालणं अवघड होतं. हे आधी कळलं तर नळी घालायची वेगळी दुर्बीण तयार ठेवता येते, ऐन वेळी कळलं तर धावपळ होते. हलणारा दात, कवळी, घोरणं, दमा, जिने चढताना लागणारी धाप, मागच्या भुलीत झालेला त्रास, सगळं सांगा.

घरात कुणाला भुलीनंतर खूप ताप चढून स्नायू आखडले होते का, किंवा श्वास परत यायला तासन्‌तास लागले होते का, हेही विचारून जा. दुसऱ्या प्रकारात स्कोलिन नावाचं स्नायू सैल करणारं औषध शरीरात विरघळायला लागणारं रसायन जन्मतः कमी असतं, आणि आर्य वैश्य समाजात हे जास्त आढळतं, अशी भारतात नोंद आहे. माहीत असलं की ते औषध सरळ टाळता येतं.

गोळ्यांची पाकिटंच पिशवीत भरून न्या, नावं पाठ करू नका. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, नाहीतर साखर जवळपास नेहमीसारखी दिसत असतानाही रक्तातलं आम्ल वाढू शकतं. वजन घटवणारी सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइडची इंजेक्शनं जठर रिकामं व्हायला वेळ लावतात, त्यामुळे उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी काही भूलतज्ज्ञ आदल्या दिवसापासून बंद करायला सांगतात, बाकीच्या बहुधा चालू ठेवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं डॉक्टरच ठरवतील. चिंतेवरच्या किंवा नैराश्यावरच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. एस्सिटालोप्राम, क्लोनाझेपाम अचानक थांबवलं तर भीती उलट उसळते. काढे आणि आयुर्वेदिक औषधंही सांगायची.

रात्री बारानंतर पाणीही नाही?

पोट रिकामं लागतं ते अन्न उलटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून. तळलेलं, तुपकट जेवण आठ तास आधी, हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी, तान्ह्या बाळाला आईचं दूध चार तास आधी, आणि साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत, असा सर्वसाधारण नियम आहे. दुधाचा चहा सहा तासांच्या हिशोबात मोडतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

निर्जळी उपवास केल्याने सुरक्षितता वाढत नाही. घसा कोरडा पडतो, डोकं दुखतं, शीर सापडत नाही आणि धडधड वाढते, मग तीच धडधड भीती वाटू लागते. ऑपरेशन दुपारी दोनला असेल तर "सकाळी पाणी किती वाजेपर्यंत चालेल?" असं वेळेनिशी विचारा. मधुमेह, आम्लपित्त, गर्भारपण असेल तर नियम बदलतो, आणि रुग्णालयाने वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळा.

भीती आवरायला काय करता येतं

काही माणसांना सगळं जाणून घेतलं की बरं वाटतं, काहींना ऐकलं की जास्तच घाबरायला होतं. आपण कुठल्या गटातले हे भूलतज्ज्ञाला सांगा: "प्रत्येक पायरी सांगत राहा" किंवा "मला काही सांगू नका, दुसऱ्या विषयावर बोला." दोन्ही चालतं.

धडधड सुरू झाली की नाकाने चार आकडे म्हणेपर्यंत श्वास आत, सहा आकडे म्हणेपर्यंत बाहेर, असं पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांब ठेवणं महत्त्वाचं. हे ऑपरेशनच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. आठवडाभर रोज रात्री करा, म्हणजे टेबलावर शरीराला ते ओळखीचं असेल.

सुई पाहून घेरी येणाऱ्यांना मात्र नुसतं सैल सोडणं उपयोगाचं नाही, कारण त्यांचा रक्तदाब एकदम उतरतो. त्यांनी मांड्या, पोट आणि दुसऱ्या हाताची मूठ दहा-पंधरा सेकंद आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची. टोचतात तो हात सैल ठेवायचा. सुई आडवं झोपूनच लावून घ्या. कातडी बधिर करणारं मलम मिळतं, पण ते तासभर आधी लावावं लागतं, म्हणून वॉर्डात पोचल्या पोचल्या मागा.

एवढं करूनही झोप उडाली असेल तर आदल्या रात्री अल्प्राझोलामसारखी गोळी, किंवा ओटीत नेताना मिडाझोलामचं इंजेक्शन देता येतं. ते मागण्यात लाज कसली? फक्त घरातली कुणाची तरी गोळी स्वतःच घेऊ नका. घोरण्याचा आजार असणाऱ्यांना आणि वृद्धांना ती जड जाऊ शकते. घाबरून रक्तदाब १८०/११० च्या वर गेला तर ऑपरेशन पुढे ढकलण्याची वेळ येते, म्हणूनही भीतीवर आधीच बोललेलं बरं.

तंबाखू-सिगारेट महिनाभर आधी सुटली तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तरी शेवटचा एक दिवस बिडी न ओढल्याने रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. मिश्रीही त्या सकाळी नको. नखांचा रंग काढा. गडद मेंदीमुळे बोटावरचा चिमटा नीट वाचत नाही, निदान एक-दोन बोटं मोकळी ठेवा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी घरीच काढून ठेवा. ओटीच्या दारात ती काढताना अनेकींना रडू कोसळतं.

लहान मुलाला "फिरायला जाऊ" म्हणून आणू नका. झोपवणारं औषध देतील, उठशील तेव्हा मी असेन, एवढं खरं सांगा, आणि खरंच तिथे असा.

"त्यापेक्षा कमरेतली भूल द्या"

हर्निया, मूळव्याध, गुडघा यांसाठी ती उत्तम आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, त्याने फुप्फुसांखालचा पडदा वर ढकलला जातो आणि जाग्या माणसाला श्वास जड होतो. म्हणून इथे बहुधा पूर्ण भूलच देतात. कमरेतल्या भुलीने जन्माची कंबरदुखी लागते हा समजही खरा नाही. टोचलेली जागा काही दिवस दुखते, क्वचित काही दिवस डोकं दुखतं.

शुद्धीवर येताना आणि घरी गेल्यावर

वाफ बंद करतात, स्नायूंचं औषध उतरवणारं इंजेक्शन देतात आणि "डोळे उघडा, हात दाबा, मान उचला" असं मोठ्याने सांगतात. मान पाच सेकंद उचलून धरता येणं ही ताकद परतत असल्याची एक खूण. नळी बहुतेक याच वेळी निघते आणि बहुतेकांना ती आठवतही नाही. त्यानंतर थंडी वाजून अंग थरथरणं, घसा खवखवणं, आणि गॅसमुळे उजवा खांदा दुखणं हे नेहमीचं आहे. मळमळ सुमारे तिघांतल्या एकाला होते. बायका, धूम्रपान न करणारे आणि गाडी लागणारे यांना जास्त. "मला एसटी लागते" एवढं आधी सांगितलं तरी दोन औषधं अगोदरच देऊन ठेवतात.

साठी-पासष्टीपुढे एक-दोन दिवस गोंधळल्यासारखं होऊ शकतं. चष्मा, कानाचं यंत्र लगेच परत द्या, ओळखीचं माणूस जवळ ठेवा, दिवसा उजेडात बसवा. हे बहुतेकांचं उतरतं. काहींना विसराळूपणा काही आठवडे जाणवतो.

२४ तास गाडी चालवू नका, दारू नको, महत्त्वाच्या कागदांवर सही नको. डिस्चार्ज घेताना भुलीची नोंद मागा. नळी घालायला त्रास झाला असेल, अ‍ॅलर्जी आली असेल, एखादं औषध उतरायला वेळ लागला असेल, तर ते कार्डावर लिहून घ्या आणि त्याची प्रत पुढच्या फाइलमध्ये लावा. स्कोलिनचा त्रास निघाला असेल तर एकेक झेरॉक्स सख्ख्या भावंडांनाही द्या, कारण तो दोष त्यांच्यातही असू शकतो आणि त्यांच्या भूलतज्ज्ञाला तो तुमच्याच कागदावरून कळेल.